सासूबाईंना विचारून सांगते

गाडी कधी घ्यायची हे आपल्याकडे अजूनही पंचांग ठरवतं, आणि ते पंचांग आपल्यापेक्षा शोरूमवाल्यांना जास्त पाठ असतं. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, वर बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त, मध्ये धनत्रयोदशी. अमुक दिवशी गाडी दारात आलीच पाहिजे असा हट्ट धरून जो माणूस आत शिरतो त्याला सूट कशाला द्यायची? त्याला गाडी वेळेवर मिळाली हीच मेहेरबानी. दसऱ्याच्या सकाळी ठाण्यातल्या कुठल्याही शोरूमसमोर उभं राहून बघा. झेंडूच्या माळा, चाकाखाली ठेवलेली लिंबं, पेढ्यांचे पुडे, आणि 'जरा पटकन फोटो घ्या, पुढची फॅमिली थांबलीय' असं विनवणारा पोरगा. त्या गर्दीत कुणी ॲक्सेसरीजच्या बिलावरून हुज्जत घालत नाही. शुभ दिवशी कटकट नको म्हणून माणसं सही करून मोकळी होतात. ही 'कटकट नको' शोरूमला फार स्वस्तात पडते.

आमच्या घरी पंचांगाची दुसरी, नकोशी बाजू उपयोगाला आली.

२०२४ ची अनंत चतुर्दशी झाली आणि आमच्या जुन्या हॅचबॅकच्या क्लचनं कापूरबावडीच्या पुलावर मान टाकली. तशी ती अकरा वर्षांची झाली होतीच. नवी घ्यायची हे त्या रात्रीच ठरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि निकाल दिला, "बघा, फिरा, भाव काढा. बोलायला पैसे पडत नाहीत. पण घटस्थापनेच्या आधी एक रुपया द्यायचा नाही." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा 'आता हिला तूच समजाव' असा होता. मी समजावलं नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत परचेसला आहे. पुरवठादारांची कोटेशनं वाचण्यात माझा दिवस जातो, आणि 'आजच्या आज ऑर्डर द्या' हे वाक्य ऐकल्याशिवाय तो पुरा होत नाही. सासूबाईंनी हातात काय ठेवलंय ते मला लगेच दिसलं.

आधी बाजाराची तब्येत सांगते. डीलर काही कंपनीच्या गाड्या फुकट उभ्या करून ठेवत नाही. तो त्या विकत उचलतो, बहुतेक वेळा बँकेच्या उधारीवर. म्हणजे शोरूमच्या मागे पावसात भिजत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर व्याज चढत असतं. 'फाडा' ही वाहनविक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना. २१ दिवस पुरेल इतकाच साठा असावा असं ती सांगत असते, आणि त्या सप्टेंबरच्या अखेरीला तिच्याच सांगण्याप्रमाणे देशभरात ८० ते ८५ दिवसांचा माल पडून होता. त्यात पितृपंधरवडा, त्यातच तिमाही संपणारी ३० तारीख. एरवी रविवारी जिथं खुर्ची मिळत नाही तिथं आम्ही शिरलो तेव्हा सात-आठ विक्रेते, आम्ही दोघं आणि एक एसी दुरुस्त करणारा एवढीच माणसं होती.

आमच्या वाट्याला आलेला मुलगा बदलापूरचा, लाघवी, आणि गाडीची माहिती तोंडपाठ असलेला. गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारावर, तरी मायलेज सांगताना तो नवऱ्याकडे बघायचा आणि रंग सांगताना माझ्याकडे. मी दोनदा टॉर्क विचारला तेव्हा सुधारला. टेस्ट ड्राइव्ह झाली, कॉफी आली, आणि मग ते वाक्य आलंच. "मॅडम, आज बुकिंग केलंत तर वीस हजारांचा ऑफर मी लॉक करून देतो. उद्याचं सांगता येत नाही."

"आज नाही जमणार. पितृपंधरवडा आहे. सासूबाई पैसे देऊ देणार नाहीत."

एखादा परप्रांतीय मॅनेजर असता तर त्याला ही थाप वाटली असती. हा मुलगा बदलापूरचा. त्याच्याही घरी कुणीतरी आजी असणार. त्याची मान आपोआप हलली, आणि पुढच्या दहा मिनिटांचं पाठ केलेलं सगळं भाषण त्याच्या घशात राहिलं. कारण ते सगळं 'आज' या शब्दावर उभं होतं. टोकन फक्त अकरा हजार, परत मिळणारं, ऑनलाइन भरा, आत्ता भरा. यातलं काही बोलण्यात अर्थच उरला नाही.

तो उठला. "एक मिनिट, मॅनेजर सरांशी बोलून येतो."

शोरूममध्ये काचेची एक केबिन असते. आतला माणूस आपल्याला दिसतो, ऐकू येत नाही. मुलगा आत जातो, वाकून काहीतरी बोलतो, आतला माणूस मान हलवतो, मुलगा पडक्या चेहऱ्यानं बाहेर येतो. 'सरांनी नाही म्हटलं मॅडम, मी तर खूप प्रयत्न केला.' आता या मुलाशी भांडून काय उपयोग? तो तर आपल्याच बाजूचा. नकार देणारा माणूस टेबलावर नाही, आणि टेबलावर असलेल्याच्या हातात काही नाही. हीच त्या काचेच्या केबिनची किमया. परचेसमध्ये आम्हीही तेच करतो, 'डायरेक्टर साहेब ऐकत नाहीत' म्हणून. कित्येकदा डायरेक्टर साहेबांना त्यातलं काही ठाऊकही नसतं.

फरक एवढाच की गाडी घेणारं कुटुंब शोरूममध्ये जाताना सगळंच्या सगळं जातं. आजोबा, आत्या, पोरं. ज्याला विचारून सांगायचं तोही तिथंच कॉफी पीत बसलेला असतो. मग विचारायला घरी जाणार कुणाकडे? आमची हुकमाची राणी घरी नौपाड्यात मटार सोलत बसली होती आणि तिला फोन करायची सोय नव्हती, कारण तिचं उत्तर आम्हाला आधीच माहीत होतं. मुलगा केबिनमध्ये जाऊन यायचा आणि मी म्हणायचे, "बरं, सासूबाईंना विचारून सांगते." खेळ बरोबरीचा झाला.

घरी आल्यावर कोटेशन पंख्याखाली पसरलं. भाव करायचा म्हणजे 'काहीतरी कमी करा हो' म्हणायचं, असं पुष्कळांना वाटतं. कमी कशातून करायचं ते कागदावर बोट ठेवून सांगितल्याशिवाय कुणी काही कमी करत नाही. एक्स-शोरूम किंमत १०,४०,०००. ही कंपनी ठरवते, डीलर तिला हात लावू शकत नाही. सूट द्यायची ती तिच्या खाली वेगळी दाखवतो. मग रोड टॅक्स. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के. म्हणजे १,२४,८००. शिवाय १० लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच वसूल केला जाणारा प्राप्तिकर, १०,४००. हा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना आपल्या खात्यात जमा धरला जातो, पण आज खिशातून जातोच.

इथं माझं बोट अडलं. आम्हाला दाखवलेलं मॉडेल सनरूफवालं. त्याच्या खालचं, बाकी सगळं तेच पण सनरूफ नाही, ते ९,८९,०००. फरक ५१,००० चा दिसतो. पण खालच्या मॉडेलला टॅक्स ११ टक्क्यांनी, १,०८,७९०. म्हणजे टॅक्समध्येच आणखी १६,०१० वाचतात, आणि टीसीएस लागतच नाही. सनरूफ खरं तर ६७,००० ला पडत होतं. आमच्या मुलीनं त्याच्यासाठी बराच जीव काढला. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ कशी उडते ते तिला रोज शाळेच्या बसमधून दिसतं, तरीही. शेवटी तिच्या बाबांनी विचारलं, "उघडणार कुठं?" तिनं विचार केला आणि म्हणाली, "लोणावळ्याला." लोणावळ्यासाठी ६७,००० जास्त होते.

आता विमा. कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त मांस याच ओळीत असतं. डीलरनं ५४,००० लिहिले होते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, विमा घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानं १ सप्टेंबर २०१८ पासून ते बंधनकारक आहे. त्याचा हप्ता सरकारनं ठरवून दिलेला, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. तो कुणाकडूनही घ्या, एकच. म्हणजे उरलेला सगळा फुगवटा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्याला लावलेल्या झालरी यांचा. झीरो डेप, म्हणजे भरपाईतून सुट्या भागांची घसारा न कापणं, ठीक आहे, इंजिन प्रोटेक्ट मुंबईच्या पावसात हवंच. पण चावी हरवल्याचा विमा, सामान हरवल्याचा विमा, दैनंदिन भत्ता? आणि मुख्य म्हणजे आमच्या जुन्या गाडीचा ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, कुठंच धरला नव्हता. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकली की विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीला लावायचा. हे मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो मॅडम, करता येतं." करता येत होतं, पण विचारेपर्यंत केलं नव्हतं. बाहेर एका विमा कंपनीच्या साइटवर त्याच गाडीला, त्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीला), हव्या त्या झालरींसकट सदतीस हजारांचा आकडा आला. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही, तसा विमा नियामकाचा नियमच आहे. 'बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही' हे मात्र अजून सगळीकडे सांगतात. आम्ही सदतीस हजारांचा कागद दाखवला, दोन दिवसांनी डीलरचाही आकडा अडतीसवर आला. घेतला त्याच्याकडूनच. एक हजाराचं पुढं सांगते.

बाकी किडूकमिडूक. 'रजिस्ट्रेशन व इतर' ९,५००. गाडीच्या नोंदणीचं शुल्क ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००. उरलेलं 'इतर' कोण? 'हँडलिंग चार्जेस' ८,५००. हे सरकारला जात नाहीत, कंपनीच्या किंमतपत्रकातही नसतात. अशा ओळींसाठी माझ्या खात्यात एक साधा प्रश्न चालतो, तोच तिथं चालवला: "याची वेगळी पावती मिळेल ना?" मुलगा केबिनमध्ये गेला, आला, आणि पेननं ती ओळ खोडली. ॲक्सेसरीज किट ३२,०००. त्यात क्रोमच्या पट्ट्या, दारावर उजेड पाडणारा लोगो आणि बूटमध्ये ठेवायची एक पेटी. आम्हाला मड फ्लॅप आणि मॅट हवे होते.

नवरा या सगळ्या काळात अस्वस्थ. त्याचं म्हणणं, "अगं, दहा लाखांची गाडी घेतोय आणि पाचशे रुपयांसाठी काय बोलायचं? बरं दिसत नाही." हा रोग आपल्या मध्यमवर्गात फार खोल आहे. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीची जुडी दहाची सातला मागताना आपल्याला काही वाटत नाही, आणि जिथं समोरचा माणूस टाय घालून बसलाय, कॉफी विचारतोय, 'सर' म्हणतोय, तिथं भाव करायला लाज वाटते. वास्तविक तो टाय, ती कॉफी आणि तो 'सर' हे सगळं त्या कोटेशनमध्येच आहे. कोथिंबीरवालीच्या तीन रुपयांत तिचा त्या दिवसाचा चहा असतो. तिथं मी घासाघीस करणं कधीचं सोडलं. शोरूममध्ये मात्र अजिबात सोडणार नाही.

त्याच कंपनीचा दुसरा डीलर तुर्भ्याला. गाडी तिकडून घेतली तरी पासिंग आमच्या पत्त्यावर, म्हणजे एमएच ०४ च, त्यामुळं आम्हाला फरक नव्हता. तिथले मॅनेजर पन्नाशीचे, मुरलेले. त्यांनी कागदावर काही लिहूनच दिलं नाही. "ठाण्याला दाखवाल आणि तिथं घ्याल," असं तोंडावर म्हणाले. मला ते आवडलं. मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, पाठीची कमान करून आकडे दाबले, आणि स्क्रीन फक्त मला दिसेल अशी टेबलावरून सरकवली. मी मान हलवली. त्यांनी परत ओढला, परत दाबला, परत सरकवला. तोंडानं एक आकडा नाही. तिथून हाकेच्या अंतरावर वाशीचं फळमार्केट. आंब्याच्या पेटीचा भाव रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायची रीत तिथं वर्षानुवर्षं होती, शेजारच्या गाळ्याला कळू नये म्हणून. साहेबांचा कॅल्क्युलेटर म्हणजे तोच रुमाल. शेवटचा आकडा ठाण्यापेक्षा अकरा हजारांनी कमी होता. "उद्यापर्यंत," ते म्हणाले. मी सासूबाईंचं सांगितलं. ते खुर्चीत मागं रेलून हसले. "माझी आईपण अशीच होती. बरं, मग घटस्थापनेपर्यंत धरा."

जुन्या गाडीचं वेगळंच. डीलर 'एक्स्चेंज बोनस' म्हणून मोठा आकडा दाखवतो आणि जुनीची किंमत तेवढीच पाडतो. एका खिशातून काढून दुसऱ्यात. म्हणून जुनीचा भाव आधी, नवीचं बोलणं चालू नसल्यासारखा, स्वतंत्र काढायचा. ठाण्याच्या डीलरचा मूल्यांकन करणारा आमच्या सोसायटीत आला. बारीक, शांत माणूस, खिशात छोटी टॉर्च. त्यानं इंजिन सुरूही केलं नाही आधी. पुढचं डावं दार उघडलं, कडेचं रबर बोटानं हळूच ओढून काढलं आणि त्याच्याखालच्या पत्र्यावरचे वेल्डिंगचे गोल ठिपके एकेक बघत गेला. कंपनीतून आलेले ठिपके सारख्या अंतरावर असतात. ठोकून बसवलेल्या गाडीला ते कुठंतरी चुकतात किंवा गायब असतात. चारही दारं झाली. मग बॉनेटच्या स्क्रूंवर टॉर्च. एका स्क्रूच्या डोक्यावरचा रंग उडालेला होता. "फेंडर खोललाय सर एकदा." नवऱ्याला ते फारच लागलं. २०१७ मध्ये तीन हात नाक्यावर एका रिक्षानं घासला होता, ती कहाणी त्यानं रिक्षाच्या रंगासकट सांगितली. माणसानं पूर्ण ऐकून घेतलं आणि वहीत चार हजार कमी लिहिले. त्याच्या कामावर माझा जीव बसला. आमच्या कंपनीत माल तपासायला असा एक मिळाला तर काय हवं. शेवटी जुनी गाडी बाहेर, माझ्याच ऑफिसमधल्या एकाच्या भावानं घेतली, डीलरपेक्षा चांगल्या भावात.

३० तारीख जवळ आली तसा बदलापूरच्या मुलाचा फोन वाढला. तिमाहीचं टार्गेट. "मॅडम, योजना तीसला संपते." संपते, आणि एक तारखेला दुसरी सुरू होते, ८० दिवसांचा माल एका रात्रीत कुठं जाणार? तरी त्याला तो आकडा सप्टेंबरात दाखवायचा होता हे खरं होतं, आणि मला तुर्भ्याचे अकरा हजार ठाण्यात हवे होते, कारण सर्व्हिसिंगला तुर्भ्याला कोण जाणार. शेवटी मॅनेजर काचेच्या केबिनमधून स्वतः बाहेर आला. त्या दिवसात तो पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी बसला, आणि त्या क्षणी मला कळलं की आकडा आता इथंच ठरणार. त्यानं तुर्भ्याचा आकडा मान्य केला. मात्र बुकिंग आज. मी सासूबाईंना खरोखरच फोन लावला. स्पीकरवर. मॅनेजर म्हणाला, "आजी, चेक आज द्या, तारीख ३ ऑक्टोबरची टाका. बँकेत घटस्थापनेलाच घालतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे तोवर तो नुसता कागदच ना?" "नुसता कागद," मॅनेजर म्हणाला. "मग द्या."

चेक दिला, पण गाडी बघितल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत, हेही लिहून घेतलं. एकदा नोंदणी झाली की गाडी तुमची, मग काही निघालं तर फक्त भांडण. स्टॉकयार्ड शिळफाट्याच्या पुढं, चिखलात. गाड्यांच्या काचांवर बोटानं नावं लिहिण्याइतकी धूळ. आम्हाला नेमलेल्या गाडीच्या टायरवर शेवटचे चार आकडे २७२४. म्हणजे टायर २०२४ च्या सत्ताविसाव्या आठवड्यात बनलेलं, जुलैचं. शेजारी तसलीच एक उभी होती, तिचा टायर ०६२४, फेब्रुवारीचा. तिच्या वायपरखाली पिंपळाचं पान सडून चिकटलं होतं. कुणाच्या नशिबी ती आली कोण जाणे. चॅसिस नंबर लिहून घेतला, बिलावर तोच येईल अशी मुलाला ताकीद दिली.

आता त्या हजार रुपयांचं. मुलगा स्टॉकयार्डहून परत येताना आमच्याच गाडीत होता, आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये माणूस खरं बोलतो. गाडी विकली की त्याला मिळतं ते चहापाण्यापुरतं. इन्सेंटिव्ह असतो विम्यावर, ॲक्सेसरीजवर, कर्जावर आणि एक्स्टेंडेड वॉरंटीवर. डीलरचंही तसंच; गाडीवर सुटतं थोडं, कमाई बाकीच्या ओळींत. म्हणजे मी कोटेशनवर जिथं जिथं पेन चालवलं होतं तिथं तिथं याचाच घास होता. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणणं जरा जास्त होईल. ५४,००० चे अडतीस झाले तरी विम्यावर त्याला कमिशन होतंच. पण विमा त्याच्याकडूनच घेतला, आणि एक्स्टेंडेड वॉरंटीही, जी आम्हाला तशीही हवी होती. कर्ज मात्र माझ्या पगाराच्या बँकेतूनच. तिथं अर्ध्या टक्क्याचा फरक होता, आणि पाच वर्षांच्या हप्त्यांत अर्धा टक्का हा विम्यातल्या हजारापेक्षा फार मोठा प्राणी असतो. कंपनीकडून समाधानाचा फोन येईल तेव्हा दहापैकी दहा द्या, एवढं त्यानं मागितलं. दिले. नऊ दिले तरी त्याला मॅनेजरसमोर उभं राहावं लागतं म्हणे.

गाडी नवरात्रात आली, दसऱ्याच्या चार दिवस आधी, मुद्दाम. शोरूममध्ये तेव्हा बसायला खुर्ची नव्हती. आमच्या शेजारच्या टेबलावर एक कुटुंब सनरूफवालं मॉडेल दसऱ्यालाच मिळावं म्हणून मुलाला विनवत होतं, आणि त्यांच्या कोटेशनवर हँडलिंग चार्जेसची ओळ मला उलटीही वाचता आली. बोलावं का, असं क्षणभर वाटलं. नवऱ्यानं माझं कोपर धरलं.

पहिल्या कोटेशनपासून शेवटच्या बिलापर्यंत, सनरूफ सोडून, सगळं मिळून सत्तर हजारांच्या आतबाहेर सुटले होते. ऑफिसात मी तो हिशेब दोघा-तिघांना ऐकवला. मान थोडी ताठ होती, का नसावी?

मग आला पुढचा सप्टेंबर. जीएसटी परिषदेनं ३ तारखेला जाहीर केलं की चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्के, आणि वरचा एक टक्का सेसही गेला. लागू कधी? २२ सप्टेंबर २०२५. घटस्थापना. त्या वर्षीचा पितृपंधरवडा शोरूमवाल्यांनी कसा काढला असेल ते त्यांनाच ठाऊक. ज्यांना पंचांग मान्य नाही तेही तेव्हा घटस्थापनेची वाट बघत होते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना नेमकी आमचीच गाडी घ्यायची होती, आणि नवरा हौसेनं त्यांचा हिशेब करायला बसला. आमच्या किमतीतला २९ टक्के कर काढायचा, १८ लावायचा, त्यावर रोड टॅक्स. एक्स-शोरूममध्ये ८४ हजार, टॅक्समध्ये नऊ. काका एक शब्द न बोलता ९३ हजार वाचवणार होते.

नवऱ्यानं कागद माझ्यापुढं न ठेवता सासूबाईंपुढं ठेवला. "बघ आई. तुझ्या सुनेनं एवढी डोकेफोड करून सत्तर, आणि यांना नुसतं थांबून त्र्याण्णव."

सासूबाईंनी चष्मा लावून आकडे वाचले. "मग अजून वर्षभर बोलत बसायचं होतं की," त्या म्हणाल्या. "मी कुठं नको म्हणाले होते?"